‘आभासी’ म्हणजे पेशंटला भास होणार का?

मृदुला_क: स्ट्रोकच्या पेशंटसाठी एका ट्रायलचं माहितीपत्रक मराठीत करतेय. डोक्यावर ईईजीची (मेंदूतले विद्युत सिग्नल टिपणारी) टोपी, डोळ्यांवर व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे कॉम्प्युटरनं उभं केलेलं खऱ्यासारखं दृश्य) हेडसेट, पेशंटनं लुळा हात हलवायचं नुसतं मनात आणायचं, ते सिग्नल कॉम्प्युटर ओळखतो आणि हेडसेटमधला हात हलतो. व्हीआरला मी ‘आभासी वास्तव’ लिहिलं तर शेजारच्या काकू वाचून घाबरल्याच, “अगोबाई, आधीच वारं गेलंय अंगावरून, त्यात भास पण होणार?” काय लिहू?

जुना_खडू: आभास वेगळा, भास वेगळा हो ताई. शाळेत आरशातली प्रतिमा आभासी असते हे पाठ केलंच ना, कोण घाबरलं? आणि मेंदूतज्ज्ञ रामचंद्रननी हात कापलेल्या पेशंटना आरशाची पेटी देऊन नसलेल्या हाताचं दुखणं कमी केलं, तिथे आभासी प्रतिमाच कामी आली की. शब्द बदलू नका.

मृदुला_क: पण सही करणाऱ्यानं दहावीचं विज्ञान आठवायचं का सर?

फिजिओ_सातारा: माझे पेशंट व्हीआरच म्हणतात, नातवंडं खेळतात ना घरात. ब्राझीलमध्ये मेंदूशास्त्रज्ञ निकोलेलिसच्या टीमनं हेच कमरेखाली लुळ्या पडलेल्या ८ जणांवर केलं, मेंदूच्या सिग्नलवर स्क्रीनमधला अवतार (पेशंटच्या जागी दिसणारी आकृती) चालवायचा, पुढे यांत्रिक पाय. १२ महिन्यांनी काहींना पायात थोडी संवेदना आली, थोडी हालचालही. २०१६चा पेपर आहे.

टवाळ_पोर: ‘अवतार’ नका लिहू, ‘सेशननंतर अवतार संपेल’ वाचून काकू अर्ज फाडतील. बरं ताई, ‘पेशंटला टोपी घालण्यात येईल’ असं तर नाही ना लिहिलंय?

मृदुला_क: लिहिलंय.

टवाळ_पोर: हाहाहा, निदान खरं तरी बोललात

जुना_खडू: ‘डोक्यावर बसवण्यात येईल’ करा.

टवाळ_पोर: म्हणजे पेशंटला डोक्यावर बसवणार, घरचे खूश

मोडीवाला: टोपी घालणे हे टोपीकरांवरून आलंय, गोरे व्यापारी गोड बोलून फसवायचे म्हणून. आज्ञापत्रात (मराठेशाहीतला राजनीतीवरचा ग्रंथ) टोपीकरांपासून सावध राहा असं आहेच.

जुना_खडू: टोपीकर आहेत, टोपी घालणं कुठंय त्यात? उगाच काहीतरी जोडू नका.

मृदुला_क: अहो आभासीचं काय करू, उद्या दुपारी द्यायचंय

मोडीवाला: मग फसवण्याला टोपीच का, पागोटं का नाही? सांगा ना.