मदत हवी आहे : पुरात भिजलेले जुने कागद फीडरच्या स्कॅनरमध्ये कसे घालायचे?

आमचं घर सांगलीत, गावभागात. २०१९ च्या पुरात आजोबांची ट्रंक भिजली. हळदीच्या आडतीच्या हिशेबपट्ट्या, खरेदीखतं, जुने सातबारे, सगळं दोरीवर वाळत घालून वाचवलं. यंदा कृष्णेचं पाणी चढायच्या आत सगळं स्कॅन करायचं ठरवलंय. भाच्याने त्याचा कागद ओढून घेणारा स्कॅनर दिलाय.

शंभरेक कागद झाले आणि पुढे हात धजेना. दोन-दोन पानं चिकटून जातात. कार्बनच्या पातळ प्रती चुरगळतात. काल एक पट्टी मधोमध फाटली, आजोबांच्या अक्षरातली. प्रत्येक पानावर एकाच जागी काळी उभी रेघ येते. टाचण्या गंजून रुतल्यात. आता एकही कागद गमवायचा नाही.

उत्तर :
ताई, खरेदीखतं आणि पातळ प्रती फीडरमध्ये घालूच नका. त्या सपाट काचेच्या स्कॅनरवरच करा. तो नसेल तर दोन पारदर्शक पानांचं कव्हर मिळतं, कॅरिअर शीट म्हणतात. तुमच्या मशीनला चालतं का ते पाहून त्यात एकेक पान ठेवून घाला.

टाचणी काढण्याआधी पेन्सिलीने कोपऱ्यात क्रमांक टाका. गठ्ठा सुटला की कुठलं पान कशामागे होतं ते कळत नाही. गंजलेली पिन ओढू नका. कागद आणि पिन यांच्यामध्ये प्लॅस्टिकची पातळ पट्टी सरकवा, स्टेपलरची असेल तर पाठीमागचे पाय सरळ करा, मग उचला. फाटलेल्याला सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद रोलरला लागतो.

सुकलेला गाळ गच्चीत मऊ ब्रशने झाडा, तोंडाला मास्क लावून. दुमडलेले कोपरे उलगडून कागद रात्रभर जड पुस्तकाखाली ठेवा. घालताना एका मापाचे दहा-पंधराच घ्या, पत्त्यांसारखे फुलवून हवा खेळू द्या आणि कडा टेबलावर ठोकून जुळवा. स्कॅनच्या सेटिंगमध्ये रंगीत आणि ३०० डीपीआय (म्हणजे स्कॅनची बारकाई) ठेवा, म्हणजे शिक्के आणि सह्या नीट दिसतील.

धागाकर्ती :
खूप आभार दादा. क्रमांकाचं सुचलंच नव्हतं! पण ती काळी रेघ?

उत्तर :
आतल्या काचेच्या पट्टीवर गाळाचा कण बसलाय. मशीन बंद करून उघडा, मऊ कोरड्या कापडाने पुसा. रोलरही बघा.

धागाकर्ती :
पुसलं. रेघ गेली. आज चाळीस पट्ट्या झाल्या, एकही अडकली नाही. खरेदीखतं रविवारी मैत्रिणीकडच्या काचेच्या स्कॅनरवर करणार आहे.