मदत हवी आहे: नववीतल्या मुलाचा मोबाईल गेमचा वेळ कसा आटोक्यात आणावा?

नमस्कार मंडळी,

माझा मुलगा नववीत आहे, सेमी इंग्लिशला. फ्री फायर मॅक्स हा त्याचा मुख्य गेम, अधूनमधून बीजीएमआय (पबजीचंच भारतातलं रूप). शाळेच्या दिवशी तीन-साडेतीन तास जातात, रविवारी त्याहून बरेच जास्त. आम्ही कराडला राहतो. माझी पॅथॉलॉजी लॅबमध्ये पाळीची नोकरी आहे, मिस्टर चाकणला कंपनीत असतात आणि शनिवारी रात्री घरी येतात. घरात सासूबाई असतात. शाळा सुटल्यापासून मी येईपर्यंत मुलगा आणि मोबाईल, मध्ये कुणी नाही.

मुलगा गुणी आहे, हे आधी सांगते. उलट बोलत नव्हता, आजीची औषधं वेळेवर आणून देतो. पण दिवाळीनंतर कबड्डीला जाणं बंद झालं. रात्री अकरा-साडेअकराला दिवा मालवला की पांघरुणाखाली पुन्हा उजेड दिसतो. सकाळी उठवताना नको नको होतं. गणिताच्या सरांनी बोलावून सांगितलं की पहिल्या तासाला तो चक्क पेंगतो. मला मार्कांपेक्षा झोपेची काळजी जास्त वाटते.

मोबाईल काढूनच घ्या, असं सगळे नातेवाईक सांगतात. ते होत नाही. गृहपाठ वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो, क्लासच्या नोट्स पीडीएफमध्ये येतात. शिवाय मी रात्रपाळीला असले की त्याच्याशी बोलायला तोच फोन.

मग भाच्याच्या मदतीने फॅमिली लिंक हे गूगलचं पालकांसाठीचं ॲप लावलं. दोन्ही गेमना मिळून एक तास बसेल अशी मर्यादा घातली. सुरुवातीला बरं चाललं. मग एका संध्याकाळी ऐन मॅचमध्ये गेम बंद पडला आणि पोराने आकांडतांडव केलं. "आई, माझ्यामुळे तिघं हरली! आता मला कोण टीममध्ये घेणार?" असं म्हणून रडला. जेवला नाही. चौदा वर्षांचा मुलगा गेमसाठी रडतो, हे बघून मला रागही आला आणि पोटात कालवलंही.

त्यानंतर त्याने आजीच्या फोनवर गेम टाकला. आजीच्या फोनला कसलंच कुलूप नाही. सासूबाईंचं म्हणणं असं, "पोरगं डोळ्यासमोर आहे, उन्हातान्हात, गाड्यांच्या रस्त्यावर उंडारत नाही, खेळंना का." त्यांना मी उलटून बोलू शकत नाही, आणि त्यांचं सगळंच चूक आहे असंही नाही.

खर्चाचंही आहे. खाऊच्या पैशातून तो रिडीम कोड (प्ले स्टोअरचं व्हाउचर) घेतो आणि गेममधले डायमंड, म्हणजे तिथलं चलन, विकत घेतो. रक्कम मोठी नाही, पण मला न सांगता.

तर ज्यांच्या घरी या वयाची मुलं आहेत किंवा होती, त्यांनी सांगा. किती वेळ योग्य म्हणावा? कुलूप लावायचं तर कोणतं, की लावूच नये? आजीच्या फोनचं काय करू, त्यांचा मान राखून? आणि हे व्यसनाच्या पातळीवर गेलंय का, डॉक्टरांना दाखवायला हवं का, हे ओळखायचं कसं? बोर्डाचं वर्ष समोर आहे. कृपया अनुभवाचं सांगा.

– कृष्णाकाठची

प्रतिसाद: देशमुखवाडी

सरसकट बंद करा. आमच्या वेळी काय होतं? सरकारनेच सगळ्या गेमवर बंदी घालायला हवी.

प्रतिसाद: निळासावळा

बंदीचं काय झालं ते आपण पाहिलंच आहे. पबजी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली, पोरं फ्री फायरकडे गेली. २०२१ मध्ये पबजीच बीजीएमआय नावाने परत आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली, तर त्याचीच दुसरी आवृत्ती फ्री फायर मॅक्स चालूच राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, पण तो पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घालतो. या मुलाच्या गेमला ती बंदी लागू होत नाही. दक्षिण कोरियाने तर २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्या मुलांना रात्री बारा ते सकाळी सहा ऑनलाइन गेम बंद केले होते. दहा वर्षांनी त्यांनीच तो कायदा मागे घेतला. त्यामुळे ताईंना जे करायचं ते घरातच करावं लागणार.

आता तांत्रिक भाग. फॅमिली लिंक चांगलं आहे, ठेवा. गेमची वेगळी मर्यादा, रात्रीची वेळ आणि नवीन ॲपला तुमची मंजुरी, या तिन्ही गोष्टी त्यात होतात. अँड्रॉइडच्या डिजिटल वेलबीइंगमधला टायमर मात्र मूल स्वतः काढू शकतं, तो नुसता आठवणीसाठी. बीजीएमआयवरही २०२२ मध्ये बंदी आली होती, तो २०२३ मध्ये परत आला तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा होती, पण वय मूल स्वतः टाकतं. त्यावर विसंबू नका.

आजींच्या फोनवर प्ले स्टोअरमध्ये खरेदीसाठी पासवर्ड लावा आणि स्क्रीनला पॅटर्न लावा. त्याला पॅटर्न माहीत असेल तर बाकी सगळं फुकट. आजींना पॅटर्न लक्षात राहत नसेल तर बोटाचा ठसा लावून द्या.

प्रतिसाद: हिरोइक_ते_हॉस्टेल

काकू, मी आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. नववी-दहावीत मीही हाच गेम खेळायचो, हिरोइक या वरच्या रँकपर्यंत पोचलो होतो. तुमच्या मुलाचं रडणं मला शंभर टक्के कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोठ्यांना वाटतं गेम म्हणजे टीव्हीसारखा, केव्हाही बंद करता येतो. हा तसा नाही. स्क्वाडमध्ये चार जण असतात. मॅच सुरू झाली की थांबवता येत नाही. क्लॅश स्क्वाड या प्रकारात चार विरुद्ध चार असतात, मधेच एक गेला की उरलेले तिघं चौघांशी लढतात. निघून जाणाऱ्याचे रँकचे गुण कापले जातात, ऑनर स्कोअर (वागणुकीचे गुण) उतरतो आणि तो फार उतरला तर रँकची मॅचच खेळता येत नाही. वर टीममधली पोरं म्हणतात, हा मधेच पळतो, याला घेऊ नका. नववीतल्या मुलाला ते फार लागतं. उद्या शाळेत त्याच पोरांशेजारी बसायचं असतं.

म्हणून मिनिटांची मर्यादा घालू नका, मॅचची घाला. फ्री फायरची एक मॅच साधारण दहा-पंधरा मिनिटांत आटोपते. बीजीएमआयचा मोठा नकाशा असेल तर अर्धा तास धरा. शाळेच्या दिवशी फ्री फायरच्या तीन मॅच, किंवा बीजीएमआयची एक. शेवटची मॅच कितीला सुरू करायची ती वेळ ठरवा, कितीला संपवायची ती नको. "साडेसातनंतर नवीन मॅच नाही" हे पोरगं पाळू शकतं. "पावणेआठला बंद" हे नाही पाळता येत, कारण पावणेआठला तो मॅचमध्ये अजून जिवंत असतो. फॅमिली लिंकची मर्यादा ठरलेल्या वेळेपेक्षा वीस मिनिटं सैल ठेवा, म्हणजे कुलूप मॅचच्या मध्ये पडणार नाही.

आणखी एक. रोज लॉगिन केलं की बक्षीस, रोजची मिशन्स, सीझन संपला की रँक खाली येते, म्हणजे पुन्हा वर चढायचं. गेम असा बांधलेलाच आहे की एक दिवस चुकला तर काहीतरी हातचं गेलं असं वाटावं. हे त्याच्याशी बोला. मला माझ्या मोठ्या भावाने हे शेजारी बसून, गेम उघडून दाखवलं होतं. तेव्हापासून मिशन्सचा नाद सुटला, मित्रांबरोबरच्या मॅच तेवढ्या राहिल्या.

प्रतिसाद: खडूफळा

वरचा प्रतिसाद उत्तम आहे. मी माध्यमिक शाळेत शिकवते, त्यात थोडी भर घालते.

खेळ जर चौघांचा असेल तर मर्यादाही चौघांची हवी. तुमचा एकटा मुलगा साडेसातला उठला आणि बाकी तिघं दहापर्यंत खेळत राहिले, तर तो दररोज हरल्यासारखा उठेल. माझ्या वर्गातल्या काही आयांनी एकमेकींना फोन करून एकच वेळ ठरवली: सहा ते साडेसात, परीक्षेच्या काळात फक्त रविवारी. भांडणं बरीच कमी झाली, कारण "सगळे खेळतायत, मीच नाही" हे कारणच उरलं नाही. त्याच्या स्क्वाडमध्ये कोण कोण आहे ते आधी विचारा. चिडून विचारू नका, नाव-गाव-वर्ग असं सहज विचारा.

गृहपाठाचं म्हणाल तर वर्गशिक्षकांना सांगून बघा की गृहपाठ संध्याकाळी ठरावीक वेळेपर्यंतच टाकावा. मी माझ्या वर्गात सातनंतर काही पाठवत नाही. त्याने "अभ्यासासाठी फोन हवा" हा रात्रीचा रस्ता बंद होतो.

कबड्डी सुटली ते मला सगळ्यात जास्त खटकलं. गेमचा वेळ कमी करून जी जागा मोकळी होईल तिथे काय येणार? मैदानाची वेळ आधी पक्की करा, गेम त्यानंतर.

प्रतिसाद: मनोवेध

मी समुपदेशक आहे. इथे वाचून निदान करता येत नाही, पण ओळखायचं कसं ते सांगते.

जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलं आहे, १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू आहे. तीन गोष्टी बघतात. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्या आवडी आणि कामं मागे पडून गेमच पुढे येणं, आणि नुकसान दिसत असूनही तसंच चालू राहणं किंवा वाढणं. हे साधारण बारा महिने टिकून असावं लागतं, लक्षणं तीव्र असतील तर कमी काळातही निदान होतं. नुसते तास जास्त झाले म्हणून व्यसन ठरत नाही. तुम्ही लिहिलंय त्यावरून कबड्डी सुटणं आणि झोप बिघडणं या दोन्हींकडे लक्ष ठेवा.

किती वेळ, याला माझं उत्तर झोपेपासून मागे मोजत येतं. तेरा ते अठरा वयात आठ ते दहा तास झोप लागते. शाळा, क्लास, मैदान, जेवण, अभ्यास मांडल्यावर शाळेच्या दिवशी गेमला तासाभरापेक्षा फार जागा उरत नाही. रात्री घरातले सगळे फोन, तुमचा आणि आजींचासुद्धा, बैठकीच्या खोलीत चार्जिंगला लावा. एकट्या मुलाचा फोन काढून घेतला तर ती शिक्षा वाटते. तुम्ही रात्रपाळीला असाल तेव्हा त्याने झोपण्याआधी आजींसमोर फोन करावा, मग फोन तिथेच ठेवावा.

फोन हातातून हिसकावू नका. मर्यादा घातल्यावर सुरुवातीला चिडचिड होणं अपेक्षित आहे. पण तो शाळा टाळू लागला, जेवण-आंघोळ सोडली, मारहाण किंवा जीव देण्याची भाषा आली, तर थांबू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांनाही दाखवता येईल.

प्रतिसाद: आजोळ

मी स्वतः आजी आहे म्हणून लिहिते. तुमच्या सासूबाईंना 'फोन देऊ नका' असं सांगू नका, त्यांना काम द्या. "आई, तीन मॅच झाल्या की तुम्ही त्याला हाक मारायची, तुमचं तो ऐकतो," असं सांगा. आम्हाला घरात कुणी काही विचारत नाही म्हणून नातवाचे लाड करून आम्ही त्याला धरून ठेवतो. जबाबदारी दिलीत तर त्याच आजी सगळ्यात कडक होतील.

प्रतिसाद: कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. मॅचची मर्यादा हे मला कधी सुचलंच नसतं. काल मुलाशी बोलले. त्याच्या शेजारी बसून एक मॅच पूर्ण बघितली. त्याने मला कोण कुठे लपलंय ते सगळं समजावलं, किती दिवसांनी तो माझ्याशी इतकं बोलला. तीन मॅच, साडेसातनंतर नवीन नाही, हे त्याने स्वतः वहीत लिहिलं. डायमंड घ्यायचे तर विचारून, हेही. सासूबाईंना आजोळताईंनी सांगितलं तसंच सांगितलं, त्या खूश आहेत.

स्क्वाडमधली दोन मुलं त्याच्याच वर्गातली निघाली. दोघांच्या आयांशी बोलले, एक लगेच तयार झाली, दुसरी नवऱ्याला विचारून सांगते म्हणाली. पण चौथा मुलगा कोण ते त्याला नीट माहीत नाही. गेममध्येच ओळख झाली, कॉलेजला आहे म्हणतो, रात्री दहानंतरच ऑनलाइन येतो. आवाजावरून मोठा वाटतो, असं मुलगा म्हणाला. रात्रीचं जागरण बहुतेक त्याच्यामुळेच आहे. याचं काय करू?

प्रतिसाद: हिरोइक_ते_हॉस्टेल

काकू, अशा ओळखी गेममध्ये सर्रास होतात आणि बहुतेक वेळा समोरचाही साधा खेळणाराच असतो. तरी तीन गोष्टी आजच विचारून घ्या: त्याला फोन नंबर दिलाय का, गेमच्या आयडीचा पासवर्ड दिलाय का, आणि त्याने कधी डायमंड फुकट देतो असं सांगून काही मागितलंय का, फोटो किंवा ओटीपी वगैरे. पासवर्ड दिला असेल तर लगेच बदला. मुलाला ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणार नाही.

वर्गातलाच कुणी चौथा मिळतो का बघा. पोरं सांगतात की कुणी नाही, पण दर वर्गात चार-पाच जण तरी खेळणारे असतात. चौथा शाळेतला झाला की दहानंतरची मॅच आपोआप बंद होईल.

प्रतिसाद: खडूफळा

आणि त्या दुसऱ्या आईचा नकार आला तर वर्गशिक्षकांमार्फत पालकसभेत विषय काढा. पुढची सभा कधी आहे?

प्रतिसाद: कृष्णाकाठची

येत्या शनिवारी आहे. मिस्टरांना सुट्टी घेऊन यायला सांगते. फोन नंबर दिलेला नाही, पासवर्ड दिला होता, तो आत्ताच माझ्यासमोर बदलला.