संप्रेरक जुने, पण ताबा नवा

वनस्पतींनी जमिनीवर आल्यावर कोरडेपणाला तोंड देण्यासाठी ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक (हार्मोन) नव्याने घडवले, असे मांडले जाते. त्यात भर घालणे मला आवश्यक वाटते. हा रेणू शैवालांतही सापडतो, त्यामुळे नवे काय घडले हे त्याच्या ग्राहक-प्रथिनाकडे, म्हणजे संप्रेरक ओळखणाऱ्या प्रथिनाकडे, पाहिल्यावरच कळते. झिग्नेमा हे शैवाल जमिनीवरील वनस्पतींच्या सर्वांत जवळच्या नातलगांपैकी आहे. त्यातही हे प्रथिन आहे, परंतु २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनुसार संप्रेरक असो वा नसो, ते फॉस्फटेज विकराला (इतर प्रथिनांवरील फॉस्फेट काढून टाकणाऱ्या विकराला) रोखतेच. सपुष्प वनस्पतींत मात्र पाणी कमी पडून ॲब्सिसिक आम्ल वाढले की ग्राहक ते पकडतो, फॉस्फटेज बंद पडते, त्याने दाबून ठेवलेले कायनेज (प्रथिनांना फॉस्फेट जोडणारे विकर) मोकळे होते आणि पर्णरंध्रे मिटतात. यंत्रणा आधीपासून होती. संप्रेरकाचा तिच्यावरचा ताबा नंतरचा.

जॅस्मोनेट या दुसऱ्या संप्रेरकाचे उदाहरण मला याहून विलक्षण वाटते. सपुष्प वनस्पतींतील सीओआय-१ हा ग्राहक जॅस्मोनेट आणि आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल यांचे संयुग ओळखतो. मार्कंशिया या लिव्हरवर्टमध्ये (मॉससारख्या साध्या, फुले नसलेल्या वनस्पतीत) ते संयुग तयारच होत नाही. तिथे त्याच ग्राहकाला डायनॉर-ओपीडीए हा वेगळा रेणू जुळतो, आणि ही पसंती प्रामुख्याने ग्राहकातील एकाच अमिनो आम्लावर ठरते.

जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाचा ग्राहक मात्र खरोखरच उशिराचा आहे: तो मॉसमध्ये नाही, पाणी वाहणाऱ्या नलिका असलेल्या सिलॅजिनेला या वनस्पतीत आहे.