मेरी सेलेस्टवरचा गरम चहा नक्की कोणी ओतला? (आणि अशाच बाकीच्या दंतकथा)

शंकेखोर:
परवा रात्री भाच्याला मेरी सेलेस्टची गोष्ट सांगत होतो. तीच ती, भर समुद्रात भरकटत सापडलेलं जहाज, आत चिटपाखरू नाही, टेबलावर अर्धवट खाल्लेला नाश्ता आणि कपातल्या चहातून अजून वाफा निघतायत. मी लहानपणी कुठल्याशा मासिकात वाचलेली आणि त्या वाफांपाशी आलो की पोटात जो गोळा यायचा तो अजून आठवतो. पण हे पोरगं नऊ वर्षांचं, घाबरायचं सोडून उठून बसलं आणि म्हणालं, "मामा, चहा गरम होता म्हणजे माणसं आत्ताच गेली ना, मग त्यांची होडी दिसायला पाहिजे." मी "झोप आता गपचूप" म्हणून वेळ मारून नेली पण मग माझीच झोप उडाली, कारण चाळीस वर्षांत हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

तर जाणकारांनो, अशा आपण लहानपणापासून घोकलेल्या गोष्टींत खरं किती आणि फोडणी किती? नेपोलियन बुटका, वायकिंगांच्या टोपाला शिंगं, चीनची भिंत चंद्रावरून दिसते, तुतानखामेनचा शाप, झालंच तर न्यूटनच्या टाळक्यात पडलेलं सफरचंद, ही सगळी एकाच माळेतली का? आणि सगळंच खोटं निघणार असेल तर निदान एखादं खरंखुरं न सुटलेलं कोडं तरी सांगा, उद्या रात्री पुन्हा तेच कोर्ट भरणार आहे.

जुनी_वही:
भाच्याने बरोब्बर वर्मावर बोट ठेवलंय. होडी नव्हतीच जहाजावर! तीच तर खरी गोष्ट आहे आणि तीच कोणी सांगत नाही.

झालं असं की डिसेंबर १८७२ मधे अझोर्स बेटं आणि पोर्तुगाल यांच्या मधल्या समुद्रात दुसऱ्या एका जहाजाला मेरी सेलेस्ट वेडीवाकडी चाललेली दिसली, त्यांची माणसं वर चढली तर कप्तान बेंजामिन ब्रिग्ज, त्याची बायको सारा, दोन वर्षांची मुलगी सोफिया आणि सात खलाशी असे दहाच्या दहा जण गायब. इथपर्यंत बरोबर. पण आत्ता उठून गेलेत असं तिथे काहीही नव्हतं. नोंदवहीतली शेवटची नोंद २५ नोव्हेंबरची म्हणजे नऊ-दहा दिवस शिळी, तळात साधारण साडेतीन फूट पाणी, सगळं ओलं, एक पंप खोलून ठेवलेला, शिडाचा एक दोर तुटून बाहेर लोंबत होता, आणि होडी, सेक्स्टंट (सूर्य-ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढायचं यंत्र), क्रोनोमीटर (त्याच कामाचं अचूक घड्याळ), जहाजाचे कागद हे सगळं गेलेलं. आता भुताखेताने किंवा अजस्त्र ऑक्टोपसने ओढून नेलेला माणूस जाताना सेक्स्टंट कशाला घेईल, हे लोक ठरवून उतरलेत हे उघड आहे. का उतरले एवढंच कोडं.

मग चहा कुठून आला? १८८४ मधे आर्थर कॉनन डॉयल नावाच्या तरुण डॉक्टरने (होम्स तेव्हा जन्माला यायचा होता) या घटनेवर एक कथा लिहिली. जहाजाचं नाव जरासं बदलून मारी सेलेस्ट केलं आणि सगळ्यात मोठा घोळ म्हणजे होड्या जागच्या जागी ठेवल्या. कथा लेखकाचं नाव न घालता छापली गेली, पुष्कळांना खरी हकीकतच वाटली आणि अजूनही निम्मं जग त्या जहाजाला मारीच म्हणतं. होड्या जागेवर आल्या की माणसं हवेत विरलीच पाहिजेत, मग पुढच्या सांगणाऱ्यांनी नाश्ता मांडला, कोणी चहा ओतला, कोणी वाफा काढल्या.

माल काय होता ते बघा, १७०१ पिंपं अल्कोहोल. माल उतरवताना त्यातली नऊ रिकामी निघाली. त्यावरून एक तर्क असा की गळतीची वाफ तळात साठली, कधीतरी भडका उडाला किंवा उडेल असं वाटलं, कप्तानाने बायकोपोरीला घेऊन तात्पुरतं होडीत उतरायचं ठरवलं, होडी दोराने जहाजाला बांधली, दोर तुटला आणि जहाज पुढे निघून गेलं. पण जळाल्याची खूण कुठेच नव्हती म्हणून हा तर्क बरीच वर्षं बाजूला पडला होता. २००६ मधे लंडनमधल्या आंद्रेया सेला नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने जहाजाच्या तळाची छोटी प्रतिकृती करून आत पिंपांच्या जागी कागदाचे ठोकळे ठेवले आणि ब्युटेन वायू पेटवला. भली मोठी ज्वाळ उठली, पण कागदाला डाग म्हणून पडला नाही. याने सिद्ध काही होत नाही, शक्य आहे एवढंच कळतं.

खवचट_खार:
वरच्या प्रतिसादानंतर माझं म्हणजे चिल्लर, पण तरी टाकते.

नेपोलियन: पाच फूट दोन इंच अशी नोंद आहे, पण ते इंच फ्रेंच. जुना फ्रेंच इंच साधारण २.७ सेंमीचा, इंग्रजी २.५४ चा. हिशोब केला तर गडी १६८ सेंमीच्या आसपास येतो, म्हणजे त्या काळच्या फ्रेंच पुरुषांत चारचौघांसारखाच. वरून जेम्स गिलरे नावाच्या इंग्रज व्यंगचित्रकाराने त्याला टेबलाएवढा काढून काढून पार वाट लावली. लढाई हरली तरी चालेल पण व्यंगचित्रकाराशी वैर नको.

शिंगं: ही तर थेट नाटकाच्या कपड्यांची करामत. १८७६ ला वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या ऑपेराच्या मोठ्या प्रयोगासाठी कार्ल एमिल डोप्लर याने वेशभूषा केली, त्यात शिंगं आणि पंखवाले टोप होते, ते लोकांना आवडले, बस. नॉर्वेत १९४३ मधे वायकिंग काळातला खरा टोप सापडला, तो आपला गोल, लोखंडी, डोळ्यांना चष्म्यासारखी पट्टी, शिंगांचा पत्ता नाही. शिंगांचे टोप डेन्मार्कमधे सापडलेत पण ते कांस्ययुगातले, वायकिंगांच्या दीड हजाराहून जास्त वर्षं आधीचे. आणि साधा विचार करा ना, तलवार घसरून जावी म्हणून टोप घालायचा आणि वर तिला अडकायला हुक लावून ठेवायचे?

तुतानखामेनबद्दल (इजिप्तचा प्राचीन राजा, त्याची कबर उघडणाऱ्यांना शाप लागला म्हणे) एकच सांगते. कबरीच्या उत्खननाला पैसे पुरवणाऱ्या लॉर्ड कार्नार्व्हनने बातम्यांचे हक्क लंडनच्या द टाइम्सला एकट्याला विकले होते. बाकीचे पत्रकार बाहेर उन्हात बसलेले, छापायला काही नाही आणि संपादक बोंबलतोय. डास चावला, दाढी करताना तिथेच कापलं, रक्तात विष पसरलं आणि एप्रिल १९२३ मधे कार्नार्व्हन गेला. मग काय, शाप घरपोच! ज्याने कबर शोधली तो हॉवर्ड कार्टर मात्र १९३९ पर्यंत जगला. शापाला पत्ता नीट दिला नव्हता बहुतेक.

दिवाकंदील:
खार +१, हक्कांचं माहीत नव्हतं.

भिंत आणि सफरचंद मी घेतो, कारण त्या दोघांत एक मजा आहे जी मला सापडली तेव्हा मी एकटाच हसत बसलो होतो. विल्यम स्टकली नावाचा एक इंग्रज डॉक्टर होता, जुन्या वास्तूंचा नाद असलेला. म्हातारपणी न्यूटनची आणि त्याची ओळख होती. १७२६ च्या एप्रिलमधे दोघं जेवण झाल्यावर बागेत सफरचंदाच्या झाडाखाली चहा पीत बसले असताना (हा चहा खरा, त्यानेच लिहून ठेवलाय) न्यूटन म्हणाला की गुरुत्वाकर्षणाचा विचार मला असाच बसलेलो असताना फळ पडताना बघून सुचला होता. म्हणजे सफरचंद खरं! फक्त ते जमिनीवर पडलं, डोक्यात पडलं असं स्टकली कुठेही म्हणत नाही.

आता याच स्टकलीने १७५४ च्या एका पत्रात लिहिलंय की चीनची भिंत एवढी प्रचंड आहे की चंद्रावरून दिसत असेल. १७५४ ला! विमान सोडा, बलूनसुद्धा नव्हतं. कोणी जाऊन बघितल्याशिवाय ही गोष्ट दोनशे वर्षं फिरली आणि माणूस खरंच वर गेला तरी थांबली नाही. भिंत लांबीला हजारो किलोमीटर असेल पण रुंदीला पाच-सहा मीटर, आणि चंद्र तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटर. म्हणजे चार किलोमीटरवरून डोक्याचा एक केस बघण्यासारखं, केस कितीही लांब असला तरी. २००३ मधे चीनचा पहिला अंतराळवीर यांग लिवेइ जाऊन आला, तो तर पृथ्वीला अगदी खेटून फिरत होता, त्यानेही सरळ सांगितलं की मला भिंत दिसली नाही.

आणि कडी म्हणजे स्टोनहेंज (इंग्लंडमधलं उभ्या दगडांचं प्राचीन वर्तुळ) ड्रुइड म्हणजे जुन्या केल्टिक पुजाऱ्यांनी बांधलं ही समजूत घरोघरी पोचवली तीही याच गृहस्थाने. दगड ड्रुइडांच्या निदान दोन हजार वर्षं आधीचे आहेत. एकाच माणसाने तीन गोष्टी सोडल्या, त्यातली एक खरी निघाली, सरासरी वाईट नाही.

उचकी:
सगळ्यांनी मिळून मजा घालवायची ठरवलीय का? मी भाच्याच्या मामाच्या बाजूने, एक न सुटलेलं देते.

जुलै १५१८, स्ट्रासबुर्ग (आजच्या फ्रान्समधलं शहर). एक बाई रस्त्यात येऊन नाचायला लागली. थांबेचना. आठवड्याभरात डझनावारी लोक तिच्यासारखे नाचायला लागले आणि पुढे तर चारशेपर्यंत आकडा गेला म्हणतात. हे दंतकथा म्हणून सोडून देता येत नाही कारण नगर परिषदेच्या नोंदी आहेत. आणि परिषदेने काय करावं? वैद्य म्हणाले रक्त तापलंय, नाचून नाचून उतरेल, म्हणून यांनी सभागृहं मोकळी करून दिली, मंच बांधला आणि वाजंत्री भाड्याने आणले!! साहजिकच साथ आणखी पसरली. मग घाबरून वाद्यांवर बंदी आणि नाचणाऱ्यांना संत व्हिटसच्या देवळात पाठवून तिथे लाल जोडे घातले. हळूहळू थांबलं.

राय धान्यावरच्या बुरशीमुळे झालं असं एक मत आहे पण त्या विषाने हातापायाचा रक्तपुरवठा आवळतो, झटके येतात, माणूस दिवसचे दिवस नाचू कसा शकेल? दुसरं मत सामूहिक मानसिक ताणाचं, दुष्काळ, रोगराई आणि वर संताचा कोप होईल ही भीती. मला हे जास्त पटतं पण पूर्ण नाही.

खवचट_खार:
उचकी, मस्त. फक्त "रोज पंधरा जण मरत होते" हे वाक्य कुठे दिसलं तर भाच्याला सांगू नका, स्ट्रासबुर्गच्या त्या वेळच्या नोंदींत मेलेल्यांचा आकडा नाही. कोणीतरी तिथेही चहा ओतलाय.

शंकेखोर:
सगळ्यांचे आभार. काल खरी मेरी सेलेस्ट सांगितली, वाफा काढून टाकल्या. आश्चर्य म्हणजे पोरगं जास्त गप्प झालं. दोन वर्षांची सोफिया होडीत आणि जहाज पुढे जातंय हे त्याला फार लागलं. मग झोपता झोपता एकच प्रश्न, पंप कोणी उघडला होता आणि परत जोडला का नाही. @जुनी_वही, काही आहे का यावर?

जुनी_वही:
वकील होणार बघा तुमचा भाचा. एक तर्क आहे. त्याच्या आधीच्या फेरीत जहाजाने कोळसा वाहिला होता आणि नुकतीच बरीच दुरुस्तीही झाली होती, त्यामुळे कोळशाची भुकटी आणि लाकडाचा भुसा पंपात अडकला असेल. पंप तुंबला की पाणी उपसता येत नाही हे झालंच, पण किती भरतंय याचाही भरवसा राहत नाही. सोबत बायको आणि तान्ही पोर, सान्ता मारिया बेट समोर दिसतंय, अशा वेळी माणूस लवकर निर्णय घेतो. जहाज तर बुडत नव्हतं, नंतर बारा वर्षं चाललं ते. पण त्याला ते कसं कळणार? पाणी मोजायची एक घरगुती बनवलेली काठी होती, ती डेकवर तशीच टाकलेली सापडली.

शंकेखोर:
बास. आज रात्री काठीपासून सुरू करतो.