घरी बी.पी. मोजताना काय कळलं? मराठवाड्यातले अनुभव

घरोघरी आता बी.पी.चं मशीन आलंय. पट्टा गुंडाळला, बटण दाबलं की आकडा येतो, पण त्या आकड्याचं करायचं काय? एखाद्या दिवशी १५० दिसलं की घर घाबरतं, १२० दिसलं की गोळी सुटते. दोन्हीपायी हाल झालेली माणसं मी इथं परभणीत, माझ्याच गल्लीत पाहतो आहे, म्हणून हा धागा. कसं मोजता, वहीत काय लिहिता, डॉक्टरांनी त्यावरून काय बदललं, ते सविस्तर सांगा. गोळ्यांची नावं मात्र लिहू नका. दुसऱ्याची गोळी आपल्याला चालेलच असं नाही.

लातूर
सासूबाईंचं दवाखान्यात कायम १६०च्या घरात. रांगेत ताटकळायचं आणि नाव पुकारलं की लगबगीनं आत जायचं. गोळी वाढवायच्या आधी डॉक्टरच म्हणाले, आठवडाभर घरी मोजून आणा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळीच्या आधी, संध्याकाळी जेवणाआधी. दर वेळी मिनिटभराच्या अंतरानं दोनदा. त्यांना खाली मांडी घालून बसायची सवय, म्हणून खुर्ची भिंतीला लावली. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावरच्या उशीवर, पट्टा छातीच्या उंचीला. आधी पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, नातू अंगणात. डॉक्टरांनी पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढली, ती १२८/७८ आली. दवाखान्यात १४०/९० ही रेषा धरतात, घरी १३५/८५, असं त्यांनी समजावलं. गोळी आहे तेवढीच राहिली.
येळवसच्या दुसऱ्या दिवशी मात्र आकडा चढलेला होता. भज्जी-आंबील झाली, वर लोणचं आणि ठेचाही झाला होता. वही बघून त्यांनी स्वतःच लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवायला लावली. मी वर्षभर सांगत होते, तेव्हा नाही ऐकलं!

गेवराई, जि. बीड
आमचे दादा तंबाखू मळत मळतच हात पुढं करायचे. तंबाखूनं बी.पी. तेवढ्यापुरतं चढतं, चहानंही. म्हणून अर्धा तास आधी चंची माझ्याकडं. कापूस वेचणीच्या दिवसांत रानातनं आल्या आल्या मोजत नाही, हातपाय धुऊन निवांत बसू देतो. लई फरक पडतो बघा.

नांदेड (आरोग्यसेविका)
पट्ट्याकडं कुणी बघतच नाही. जाड दंडाला लहान पट्टा लावला की आकडा खोटा चढतो. शिलाईच्या टेपनं दंडाचा मधला घेर मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या सेंटिमीटरशी ताडून बघा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोन बोटं वर. बाही वर सारून दंडाला काचत असेल तर हात बाहीतून काढा. पहिल्यांदा दोन्ही हातांचं मोजा. ज्याचं जास्त, पुढं तोच हात. मनगटाच्या मशीनपेक्षा दंडाचं घ्या.

हिंगोली
उन्हाळ्यात आईला उठलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. बसून मोजलं की १२०च्या आसपास, म्हणून सगळे म्हणाले अशक्तपणा आहे. डॉक्टरांनी उभं करून मोजायला सांगितलं: उठल्यावर एक मिनिटानं, पुन्हा तीन मिनिटांनी, शेजारी कुणीतरी धरायला. वरचा आकडा ९६! उभं राहिल्यावर २० किंवा जास्त उतरणं म्हणजे पडायचा धोका, हे तेव्हा समजलं. उन्हानं रक्तवाहिन्या सैलावतात, घामानं पाणी जातं, त्यात आईला लघवीवाटे पाणी काढणारी गोळी. डॉक्टरांनी ती कमी केली, अंधारी थांबली. दिवाळीनंतर थंडी पडली तसे वहीतले आकडे वर सरकले, तेव्हा त्यांनीच डोस पुन्हा वाढवला. ऋतू बदलला की वही घेऊन जायचं, हे आमच्या घरात आता ठरलेलं आहे.

वाळूज
कंपनीच्या तपासणीत १३०/८०, म्हणजे ठणठणीत. घरी मात्र १४८, १५२, कधी त्याहून वर. रात्रपाळीनंतर झोप काढून मोजलं तरी तेच. डॉक्टरांनी २४ तासांचं मशीन लावलं आणि दवाखान्यात लपणारं बी.पी. आहे म्हणाले. वय ३८, त्रास काहीच नव्हता. गोळी सुरू आहे.

उदगीर
वडिलांच्या मशीनवर बदामाचं चिन्ह लुकलुकतं आणि दर वेळी वेगळाच आकडा येतो. मशीन खराब असेल का?

परभणी (धागाकर्ता)
लगेच खराब समजू नका. मशीन पट्ट्यातल्या हवेच्या थरथरीवरून हिशेब करतं. ठोके अनियमित असले तर तो चुकू शकतो. या आठवड्यातच ई.सी.जी. काढून घ्या. आणि छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं यातलं काही दिसलं तर आकडा कितीही असो, मोजत बसू नका, १०८ला फोन लावा. त्रास काहीच नसताना १८०/१२०च्या वर गेलं, तर शांत बसून थोड्या वेळानं पुन्हा मोजा आणि तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

उदगीर
ई.सी.जी. काढला. ठोके अनियमितच निघाले, रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. बी.पी. आता डॉक्टर स्टेथोस्कोप लावून हातानं मोजतात. घरी तीनदा मोजून तिन्ही आकडे वहीत लिहायला सांगितलंय.