सगळे गावरस्ते बांधकाम विभागाले देऊन टाका म्हणणाऱ्यायसाठी

वर्धाकाठ:
काल इथं एकानं लिहिलं की गावचे सारे रस्ते जि.प.कडून काढा अन् पीडब्ल्यूडीले, म्हणजे सार्वजनिक बांधकाम विभागाले द्या, मालक एक झाला की भानगड संपते. वाचून डोकं गरम झालं म्हणून लिहून रायलो. भाऊ, राज्यमार्ग अन् प्रमुख जिल्हा मार्ग (प्रजिमा) आजबी पीडब्ल्यूडीकडेच आहेत ना, मंग ते गुळगुळीत आहेत का? आमच्या गावचा रस्ता पाच किलोमीटरचा. फाट्यापासून नाल्याच्या पुलापर्यंत प्रजिमा, पुलाच्या पुढं जि.प.चा ग्रामीण मार्ग. मागच्या वर्षी फाट्याकडचं डांबर झालं अन् रोलर पुलापाशी थांबला. डांबराचा काठ चार बोटं उंच राह्यला, त्याच्याखाली उघडी गिट्टी. रात्री काकाजीची गाडी तिथंच उसळली, खांदा निखळला. पीडब्ल्यूडीचे साहेब म्हणे आमची हद्द इथंच संपते, जि.प.चे म्हणे काठ त्यायनं ठेवला, त्यायले विचारा. खातं बदलून हे सुटत नाही. फाटा ते गाव एकच इस्टिमेट करा, पैसा दोघायनं टाका, काम एकाच हंगामात करा. माझं एवढंच म्हणणं आहे.

नांगरफाळ:
कालची पोस्ट माझीच होती. जि.प.ची बाजू घ्यायची तर घ्या, पण विदर्भातल्या कितीतरी जि.प.ची मुदत मार्च 2022 मध्ये संपली अन् तिथं प्रशासक बसले. गाऱ्हाणं ऐकायला सदस्यच नाही तर रस्ता कोणाला मागायचा? आमचा रस्ता जि.प.च्या इजिमाचा (इतर जिल्हा मार्गाचा) प्रजिमा झाला, दर्जोन्नती झाली तेव्हा कुठं रुंद झाला, साइडपट्टी भरली. त्याच्याआधी पंधरा वर्षं फक्त खड्ड्यात मुरूम. तुमचं दोघांचं इस्टिमेट झालं तरी सही कोण आधी करणार याच्यातच मार्च निघून जाईल.

माजी सरपंच:
पाच वर्षं त्या खुर्चीत काढली म्हणून बोलतो. 73 व्या घटनादुरुस्तीनं 11 वी अनुसूची दिली, त्यात रस्ते आणि पूल पंचायतीच्या विषयांत लिहून ठेवले, पण आमच्या गावात 25/15 मधून, म्हणजे ग्रामविकास खात्याच्या त्या नंबरच्या निधीतून, कोणतं काम मंजूर झालं हे मला भूमिपूजनाच्या नारळावरून कळायचं. आमच्याकडे सिमेंट रस्ता झाला अन् चार महिन्यांत नळयोजनेच्या पाइपासाठी मधोमध फोडला. वर माती लोटली. पावसाळ्यात ती चारी बसली अन् शाळेची पोरं गुडघाभर चिखलातून गेली. दोन्ही कामं मंजूर होती, पैसाही होता. आधी पाइप, मग काँक्रीट, एवढं ठरवायला दोन्ही खात्याचे साहेब एकदाबी एका टेबलावर बसले नाहीत.

पऱ्हाटीवाला:
तुम्ही डांबरासाठी भांडून रायले, अन् आमच्या वावरात जायले पांदणच नाही. पावसाळ्यात काळी माती अशी फुगते की बंडीचं चाक आऱ्यापर्यंत रुततं. मागच्या साली सोयाबीनचे कट्टे डोक्यावर आणले, एक किलोमीटर, मी अन् बायको.

माजी सरपंच:
मातोश्री योजना 2021 मध्ये आली ना भाऊ, पांदणीसाठीच. मनरेगातून करायचं होतं.

पऱ्हाटीवाला:
ठराव दिला होता. मनरेगात शंभरातले मजुरीचे 60 अन् सामानाचे 40 होते. कापूस वेचाच्या दिवसात मजूर येत नाही, अन् काळ्या मातीत मुरूम-गिट्टी जास्त लागते म्हणून 40 मध्ये बसलं नाही. त्याच्यावर दोघायनं पांदण दाबली. नकाशावर आहे, जागेवर तुरीचे तास आहेत.

नांगरफाळ:
दाबणारे गावातलेच ना? धुरे आपणच कोरायचे अन् दोष सरकारला द्यायचा.

पऱ्हाटीवाला:
मी कोणाचा धुरा कोरला ते दाखव, नाहीतर शब्द मागं घे. माझ्या बापानं पांदणीसाठी आपल्या वावरातून दोन ओळींएवढी जागा सोडली होती.

नांगरफाळ:
तुमच्याबद्दल नव्हतं. मागं घेतो.

वर्धाकाठ:
मामलेदार कोर्ट कायदा 1906, कलम 5. अडवलेला रस्ता तहसीलदार मोकळा करून देतात, तो अर्ज टाका. आता नांगरफाळ, आपल्या भांडणात हे पाहा: तहसीलदारानं पांदण मोकळी करायची, मोजणी भूमी अभिलेखची, मजुरांच्या हजेरीचं मस्टर पंचायतीचं, वर मुरूम दुसऱ्याच योजनेतून. एका पांदणीले चार दारं. तुमच्या पीडब्ल्यूडीले देऊन यातलं कोणतं दार कमी होते?

शिवारवाट:
जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना एका लेनचं 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत पडलं, गिनीजमध्ये नोंद झाली. माझं गाव तिथून लांब नाही. महामार्गावरून गाडी खाली उतरवली की पहिल्याच वळणावर दुसरा गिअर. आमच्या लोकांनी हे कसं गोड मानावं?

नांगरफाळ:
तिथं यंत्रणा एक होती, जागा मोकळी होती, म्हणून झालं. मी तेच म्हणून रायलो.

वर्धाकाठ:
यंत्रणा एक होती ते खरं. पण सामान, माणसं, वेळ आधी ठरवून मंगच काम सुरू केलं, तेबी धरा.

नांगरफाळ:
बरं, फाटा ते गाव एक इस्टिमेट हे मान्य. पण करणार पीडब्ल्यूडी, जि.प. फक्त पैसा देईल. याच्या खाली मी येत नाही.

माजी सरपंच:
आणि खोदायच्या आधी ग्रामपंचायतीची नाहरकत, तीही कागदापुरती नको.

पऱ्हाटीवाला:
माझ्या अर्जाले पांदणीचा जुना नकाशा लागते का ते सांगा पहिले. बोंडं फुटून रायली, वेचा तोंडावर आला अन् बंडी अजून घरीच उभी आहे.