आठशे ऑइल पितेय, ६०० रुपयांची बाटली ओतू का?

जुनी_आठशे (जळगाव)
२००६ ची मारुती ८००, एमएच १९, वडिलांच्या हातची. दीड लाखाच्या वर पळाली. हजार किलोमीटरला अर्धा लिटर ऑइल पिते. सकाळी पहिला स्टार्टर मारला की मागून निळा धूर, आणि शेजारच्या काकू वाळत घातलेल्या बिबड्या उचलून आत पळतात. काल ऑइल घ्यायला गेलो तर काउंटरवाल्याने डब्याशेजारी एक छोटी बाटली ठेवली. "ही टाका, पिस्टनच्या रिंगा परत जिवंत होतात." ६०० रुपये. घेतली. घरी येऊन मागचं लेबल वाचलं, तर आत काय आहे तेवढंच सोडून सगळं लिहिलंय. ओतू की नको?

तापीकाठ (भुसावळ)
नको. इंजिन ऑइल म्हणजे नुसतं तेल नसतंच. काजळी धरून ठेवणारी, गाळ धुणारी, फेस आणि गंज रोखणारी रसायनं त्यात कंपनीने मापून घातलेली असतात. घासणी रोखायचं मुख्य काम जस्त-फॉस्फरसवाल्या झेडडीडीपीचं. ही मंडळी धातूवर बसायला जागेसाठी भांडतात. वरून आणखी एक पाहुणा आणला की कोणाला तरी पाटावरून उठावं लागतं. फोडणी दिलेल्या वरणात शेजारणीने येऊन मूठभर मीठ टाकावं, तसलं काम. आणि तेल वर जाऊ न देणारी रिंग झिजली म्हणजे लोखंड गेलं. ते बाटलीतून कसं परत येणार?

अमेरिकेत १९९७ साली स्लिक ५० विकणाऱ्या कंपनीला तिथल्या व्यापार आयोगाशी तडजोड करावी लागली होती. टेफ्लॉनवालं औषध टाका, झीज थांबते, असल्या जाहिरातींना पुरावा नव्हता म्हणून.

एसटीवाले_आबा (धुळे)
पोरा, पुस्तक बरोबर आहे, खिसा चुकतोय. ३२ वर्षं बसच्या इंजिनात हात काळे केलेत. हाफ इंजिन काढलं की रिंगा, पॅकिंग, बोअरचं काम, मजुरी धरून वीसेक हजार कुठे गेले कळत नाही. ती आठशे बाजारात चाळीसला तरी कोणी घेईल का? तेल जाड करणाऱ्या बाटलीने ते रिंगेच्या फटीतून कमी वर चढतं. पाच-सहा महिने धूर दबतो. ज्याला वर्षभरच चालवायची आहे त्याने का टाकू नये? त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे.

आणि ते झेडडीडीपी नव्या तेलांत कमी केलंय, हे का नाही सांगितलं?

तापीकाठ
आबा, सांगतो. फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरकडचा धूर शुद्ध करणारा डबा) खराब करतो म्हणून ०.०८ टक्क्याची मर्यादा आली, पण ती ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० असल्या पातळ ग्रेडना. २०डब्ल्यू-५० ला ती लागू नाही. जाडच हवंय ना, मग बाटलीपेक्षा तोच डबा घ्या. बाटलीतलं जाड करणारं पॉलिमर इंजिनात चिरडून तुटतं, तेल पुन्हा पातळ. उन्हाचं म्हणाल तर बाहेर २५ असो की ४५, चालत्या इंजिनात तेल शंभरच्या आसपासच असतं.

शिवाय ही गाडी दोन हजार किलोमीटरला लिटरभर तेल पिते. म्हणजे लिटरभर ताजी रसायनं तिला वरून मिळतातच की!

एसटीवाले_आबा
हे शेवटचं बरोबर बोललास. बाकी वाद चालू.

केळीवाला (रावेर)
मी माझ्या पिकअपमध्ये टाकली होती. टॅपेटची टकटक गेली. गाडी मनी, पैसा मना, तुले काय करनं शे? 😄

फिटर_अमळनेर
भो, त्याच दिवशी ऑइल-फिल्टर बदलला होतास का?

केळीवाला
हो.

फिटर_अमळनेर
मग टकटक कशाने गेली ते तूच सांग.

मला बाटलीपेक्षा फ्लशची भीती. "आतून धुऊन देतो" म्हणत जुन्या गाडीत फ्लश ओततात. चेंबरचा गाळ सुटतो आणि पंपाच्या जाळीवर साय धरतो. ऑइलचा लाल दिवा लागेपर्यंत बेअरिंग गेलेलं असतं. माझ्याकडे अशा दोन गाड्या टोचन लावून आल्यात.

धागाकर्त्या, रिंग की व्हॉल्व्ह सील (व्हॉल्व्हच्या दांडीवरून तेल खाली जाऊ न देणारं रबर), ते आधी बघ. कन्नड घाट चाळीसगावकडे उतर. सेकंड गियर, ऍक्सिलेटरवरून पाय काढलेला. त्या वेळी इंजिन जोरात ओढ घेतं आणि सील गेलेलं असेल तर हेडमधलं तेल व्हॉल्व्हच्या दांडीवरून आत ओढलं जातं. खाली सपाटीला आल्यावर ऍक्सिलेटर दाब आणि आरशात धूर दिसतो का बघ. चढावर ओढताना सारखा धूर असेल तर मात्र रिंगा. मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोज. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून परत मोज. काटा चांगला चढला तर रिंग दोषी, कारण तेलाने तिची फट तेवढ्यापुरती बुजते.

जुनी_आठशे
रविवारी जाऊन आलो. घाट उतरून ऍक्सिलेटर दाबला आणि मागचा मोटरसायकलवाला धुरात दिसेनासा झाला. वर चढताना काहीच नव्हतं. सोमवारी मिस्तरीकडे तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं: ११, ११, साडेदहा. ऑइल टाकून काटा जेमतेम अर्ध्या आकड्याने वर. तीनपैकी मधला प्लग काळा, तेलकट.

फिटर_अमळनेर
सील. हेड न उतरवताही होतं, प्लगच्या भोकातून हवा भरून व्हॉल्व्ह वर धरायचे. फक्त असं काम केलेला मिस्तरी बघ, नाहीतर व्हॉल्व्हचं बारकं लॉक खाली टाकून शोधत बसेल.

एसटीवाले_आबा
सीलच असेल तर रबर मऊ करणारी बाटली वेगळी मिळते. ती आधी टाकून बघायला काय जातं?

तापीकाठ
आबा, रबर कडक होऊन तडकलं की मऊ होत नाही.

एसटीवाले_आबा
तडकलंय हे तुला भुसावळात बसून दिसलं?

फिटर_अमळनेर
कव्हर उघडल्यावर दिसेलच. सीलचा फोटो टाक रे धाग्यावर.

जुनी_आठशे
गुरुवारी काम आहे. काकूंना सांगून ठेवलंय, शुक्रवारपासून बिबड्या बाहेर राहू द्या. बाटलीचं झाकण अजून उघडलेलं नाही, दुकानदार परत घ्यायला तयार नाही.

केळीवाला
तीनशेत देतोस का?